कळपाची नोंद : मेंढपाळांचा आपत्काळ आणि सरकारी साहाय्य

आपल्या धनगर समाजाचा इतिहास लिहावयाचा म्हटले म्हणजे लेखणी सहजच गढ्यांकडे, राजवाड्यांकडे आणि रणांगणांकडे वळते. त्यात वावगे असे काही नाही. परंतु ज्या मेंढरांच्या लोकरीवर, लेंडीखतावर आणि दुधावर पिढ्यान्‌पिढ्या आपली घरे चालली, त्या मेंढरांवर दुष्काळ आला, अवकाळी पाऊस कोसळला, तेव्हा राज्यकर्त्यांनी काय दिले आणि ते कोणाच्या हाती पडले, हाही इतिहासच होय. तो आजवर स्मरणिकेच्या पानांवर फारसा आलेला नाही. म्हणून प्रस्तुत लेखात तो थोडक्यात मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

हा इतिहास चाळीत असता एक सूत्र आमच्या ध्यानी आले, ते आरंभीच सांगतो. सरकारी साहाय्य हे गरजेच्या मागून जातेच असे नाही. ते नोंदीच्या मागून मात्र हटकून जाते. ज्याचे नाव दप्तरात, त्याच्या दारी मदत. जमीनधारकाचे नाव सातबाऱ्यावर असते आणि जमीन जागची हालत नाही. कळप मात्र चालता असतो. चालत्या धनाची नोंद कशी करावी, हा प्रश्न गेल्या दीडशे वर्षांत कोणत्याही सरकारला नीट सुटला नाही, आणि आपल्या समाजाच्या पदरी जे उणेपण आले त्याचे मोठे कारण हेच आहे.

पुण्यात जन्मलेल्या आपल्या मुलानातवंडांस वाड्यावरचे जीवन ऐकूनच ठाऊक असावयाचे. त्यांच्यासाठी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. बारामती, इंदापूर, दौंड, फलटण, माण, खटाव या कमी पावसाच्या मुलखातील मेंढपाळ पावसाळ्याचे चार महिने गावाकडे काढतात आणि दिवाळी उलटली की बिऱ्हाड घोड्यांवर लादून निघतात. कोणी घाट उतरून कोकणात जातो, कोणी भीमेच्या आणि घोडनदीच्या काठाकाठाने फिरतो. शेतकरी आपल्या रानात मेंढरे बसवून घेतो. त्याला खत मिळते, मेंढपाळाला धान्य किंवा पैसा मिळतो. रात्री वाघर लावून तिच्या आत मेंढरे कोंडावयाची, आणि माणसांनी बाहेर उघड्यावर निजावयाचे. जेठाच्या सुमारास परतीची वाट धरावयाची. अशा रीतीने वर्षातील सात-आठ महिने कळप आपल्या तालुक्याबाहेर असतो. आपत्ती जर याच महिन्यांत ओढवली, तर ती परक्या शिवारात ओढवते. पुढील सर्व गोष्टींचे मर्म येथे आहे.

जुन्या काळी रयतेस तगाई देण्याची चाल होती. शिवछत्रपतींनी १६७६ साली प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांस लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. ज्याच्या अंगी शेत करण्याचे बळ आहे, परंतु ज्याजवळ बैल नाही व पोटास दाणे नाहीत, त्याला बैलांसाठी पैसा द्यावा, खावयास धान्य द्यावे, आणि त्यास शक्ती आल्यावर व्याज न घेता केवळ मुद्दल हळूहळू वसूल करावे, असा त्या पत्राचा आशय आहे. गुरे गेली की कुटुंब उभे राहत नाही, म्हणून गुरे पुन्हा उभी करून देणे हे राज्याचे कर्तव्य होय, ही दृष्टी त्यात स्पष्ट दिसते. तरीही येथे बैल आहे तो नांगराचा. साहाय्याचा हेतू जमीन लागवडीस यावी हा होता, आणि त्या काळाच्या राज्यव्यवस्थेत तो स्वाभाविकच होता.

इंग्रजी अमलात १८७६ ते १८७८ हा भीषण दुष्काळ दख्खनवर पडला. पुणे, नगर, सातारा, सोलापूर हे जिल्हे होरपळून निघाले. त्या वेळी १८७० साली स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशी अर्थात सार्वजनिक काका यांच्या पुढाकाराने, गावोगावची हकिकत गोळा करून सरकारपुढे ठेविली. कोठे पीक किती बुडाले, कोठे माणसे गाव सोडून गेली, हे सारे पुण्यातील शिकलेल्या मंडळींनी लेखी स्वरूपात मांडिले. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. लेखाच्या शेवटी तिचे प्रयोजन पडणार आहे.

या दुष्काळानंतर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखाली दुष्काळ आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल १८८० मध्ये आला आणि पुढे दुष्काळ संहिता सिद्ध झाली. १८८३ मध्ये जमीन सुधारणेच्या कर्जाचा आणि १८८४ मध्ये शेतकऱ्यांच्या कर्जाचा असे दोन कायदे झाले. तगाईस कायद्याचे रूप मिळाले ते यामुळे. १८८४ च्या कायद्यात संकटनिवारणार्थ, तसेच बियाणे व गुरे विकत घेण्याकरिता कर्ज देण्याची स्पष्ट तरतूद होती. परंतु हे कर्ज कोणास द्यावयाचे? तर लागवडयोग्य जमिनीच्या मालकास अथवा ती कसणाऱ्यास. कायद्याने एका हाताने गुरांसाठी पैसा पुढे केला आणि दुसऱ्या हाताने जमिनीचा दाखला मागितला. शंभर मेंढरांचा धनी असलेला, पण एक बिघाही नावावर नसलेला आपला पूर्वज त्या दारात उभा राहू शकला नाही. कोणी मुद्दाम त्यास वगळले असे आम्ही म्हणत नाही. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे जे दप्तर होते, त्यात तो नव्हता, इतकेच.

याच सुमारास दुसरा आघात झाला. १८७८ च्या वन कायद्याने डोंगर आणि रान राखीव होऊ लागले. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात जंगल खात्याने डोंगर व गायराने गिळल्याची आणि गरिबांच्या शेरडांना चरावयास जागा न उरल्याची तक्रार कठोर शब्दांत केली आहे. इतकेच नव्हे, तर सरकारने परदेशांतून उत्तम जातीची मेंढरे आणून येथे त्यांची पैदास करावी, अशीही सूचना त्यांनी केली. पुण्यात राहणाऱ्या या थोर पुरुषाने एकशे चाळीस वर्षांपूर्वी मेंढराचा प्रश्न हा राज्याचा प्रश्न मानला, याचे स्मरण आपण कृतज्ञतेने ठेविले पाहिजे.

आता मोजणीची कथा. आपल्या देशात पशुगणना १९१९ च्या सुमारास सुरू झाली आणि साधारणतः दर पाच वर्षांनी होत आली. मेंढ्या त्यात मोजल्या जात. पण मोजणारा गावात येई, घराघरांतून विचारी आणि जाई. कळप वाटेवर असला तर तो कोणत्या गावात मोजला जाई? आम्ही जन्मभर शाळामास्तरकी केली, म्हणून हे आम्हांस शाळेच्या पटावरून चांगले समजते. आषाढात मेंढपाळांची मुले वर्गात येत, पाढे म्हणत, दिवाळीनंतर त्यांच्या नावापुढे गैरहजेरीचे फुले पडत आणि फाल्गुनापर्यंत नाव पटावरून निघून जाई. मूल कोठे नाहीसे झालेले नसे. ते पेणच्या किंवा महाडच्या रानात कोकरे राखीत असे. पटाच्या दृष्टीने मात्र ते नव्हतेच. मुलांचे जे पटावर, तेच मेंढरांचे सरकारी दप्तरात.

स्वातंत्र्यानंतर परिस्थिती पुष्कळ पालटली. १९७२ च्या दुष्काळात सरकारने कामे काढली आणि त्यातूनच महाराष्ट्राची रोजगार हमी योजना जगापुढे आली. जनावरांसाठी चारा व छावण्या यांची व्यवस्था करणे हे सरकारचे काम आहे, ही समजूतही दृढ झाली. १९७८ मध्ये मेंढी व शेळी विकासासाठी महामंडळ निघाले. आज ते पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या नावाने ओळखले जाते आणि त्याचे मुख्य कार्यालय आपल्या पुण्यातच, गोखलेनगर येथे आहे. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळांत छावण्यांचे जाळे पसरले. २०१९ च्या उन्हाळ्यात तर राज्यात दीड हजारांच्या आसपास छावण्या होत्या आणि त्यांत दहा लाखांच्या घरात जनावरे होती. माण तालुक्यात म्हसवड येथे माणदेशी फाउंडेशनने चालविलेली छावणी तेव्हा सर्वत्र चर्चेत होती. या छावण्यांनी पुष्कळ गोठे वाचविले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. तथापि त्यांत भरणा गाई, म्हशी व बैल यांचाच अधिक होता. छावणी हा एका जागी बांधलेल्या जनावराचा उपाय आहे. मेंढरू दाव्याला बांधून कडबा खात नाही. ते चालते आणि चालता चालता चरते.

आज साहाय्य कोणत्या नियमाने मिळते, हे आता पाहू. १९९० पासून प्रत्येक राज्यात आपत्ती निवारणाचा स्वतंत्र निधी ठेवण्याची पद्धत सुरू झाली. २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला, आणि २०१० पासून राज्य आपत्ती प्रतिसाद निधी अस्तित्वात आला. महाराष्ट्रात या निधीतील ७५ टक्के वाटा केंद्राचा व २५ टक्के राज्याचा असतो. दर केंद्र सरकार ठरविते. २०१५ च्या निकषांत मेंढी वा शेळी दगावल्यास ३,००० रुपये आणि दुभती गाय वा म्हैस दगावल्यास ३०,००० रुपये असा दर होता. २०२२ मध्ये, २०२५-२६ पर्यंतच्या काळासाठी, तो अनुक्रमे ४,००० व ३७,५०० रुपये झाला. मात्र एका कुटुंबास जास्तीत जास्त तीन मोठी दुभती जनावरे किंवा तीस लहान जनावरे एवढ्यांचेच साहाय्य, अशी मर्यादा घातलेली होती.

या मर्यादेचा हिशेब आपण करून पाहू. एखाद्याच्या शंभर मेंढरांपैकी पन्नास एका रात्रीत दगावली, तर तिसांचे १,२०,००० रुपये त्याच्या हाती येतील. उरलेल्या विसांचे काहीच नाही. गोठ्यात तीन गाई असलेल्यास तीनची मर्यादा पुरते. कळपवाल्यास तीसची मर्यादा पुरत नाही, कारण त्याचे सारे भांडवलच कळपात असते. दुसरी गोष्ट अशी की, मर्यादा कुटुंबामागे आहे, आणि एका वाड्यात चार भावांची मेंढरे एकत्र चरत असतात. चौघांची नोंद वेगवेगळी नसेल, तर दप्तरात एकच कुटुंब लागते आणि चौघांच्या वाट्याला मिळून तीसच मेंढरे येतात.

१ व २ डिसेंबर २०२१ हे दिवस आपल्यापैकी अनेक घरांना विसरता येणार नाहीत. ऐन थंडीत पुणे व त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांत अवकाळी पाऊस आणि गार वारा सुटला. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या भागांत उघड्या रानात वाघरीत बसलेली शेकडो मेंढरे गारठून मेली. भिजलेली लोकर अंगावरची ऊब राखीत नाही, लहान कोकरे तर एक रात्रही काढू शकत नाहीत. अशा वेळी रीत काय, तर तलाठ्याने पंचनामा करावयाचा, पशुधन अधिकाऱ्याने तपासून दाखला द्यावयाचा आणि मग प्रकरण तहसिलात जावयाचे. मेंढपाळ बारामतीचा, मेंढरे मेली आंबेगावात. मेलेल्या जनावरांपाशी थांबावे तर जिवंत कळप उपाशी राहतो, आणि कळप घेऊन पुढे जावे तर पंचनाम्याचा पुरावाच मागे उरतो. शिवाय केंद्राच्या आपत्तींच्या यादीत दुष्काळ, पूर, गारपीट, थंडीची लाट आदी आहेत. अवकाळी पाऊस आणि वीज पडणे त्या यादीत नव्हते. महाराष्ट्र सरकारने आपल्या अधिकारात या आपत्ती राज्यापुरत्या मान्य केल्या, म्हणून मदतीचे दार उघडले.

येथे एक तुलना करण्यासारखी आहे. २०२२ मध्ये राज्य सरकारने वन्य प्राण्याने मारलेल्या मेंढी-शेळीबद्दल बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५,००० रुपये यांपैकी कमी असेल ती रक्कम देण्याचे ठरविले. तीच मेंढी, तोच धनी. बिबट्याने नेली तर १५,००० पर्यंत, पावसाने नेली तर ४,०००. एका ठिकाणी बाजारभाव पाहिला जातो, दुसऱ्या ठिकाणी ठराविक रक्कम मिळते. हा भेद दूर करावा अशी मागणी करण्यास आपल्या संस्थेस हा भक्कम आधार आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मराठवाड्यातील महापुरानंतर राज्य सरकारने मोठ्या जनावरांबाबतची तीनची मर्यादा काढल्याचे जाहीर केले. तेव्हा मर्यादा हा काही अढळ नियम नव्हे, मागणी न्याय्य आणि पुराव्यानिशी असेल तर ती हालते, हेही सिद्ध झाले आहे.

इतर देशांत काय चालते? अमेरिकेतील दक्षिण डाकोटा राज्यात ऑक्टोबर २०१३ मध्ये अकाली हिमवादळ होऊन हजारो गुरे मेली. त्या वेळी पशुपालकांच्या साहाय्याची योजना मुदत संपल्याने बंद पडलेली होती. २०१४ च्या शेती कायद्याने ती कायम केली आणि मागील नुकसानही त्यात धरले. तेथे मेलेल्या जनावराबद्दल बाजारभावाच्या ७५ टक्के रक्कम देतात. पण आपत्तीपूर्वी आपल्याजवळ किती जनावरे होती याचा लेखी पुरावा द्यावा लागतो. मंगोलिया हा आपल्यासारखाच कळप घेऊन फिरणाऱ्यांचा देश. तेथे २००६ मध्ये विम्याची एक नवी रीत सुरू झाली. एखाद्या तालुक्यात ठराविक प्रमाणाबाहेर जनावरे मेली की तेथील सर्व विमाधारकांस रक्कम मिळते. प्रत्येकाचे मेलेले जनावर तपासावे लागत नाही. केनियाच्या मार्साबिट भागात २०१० पासून उपग्रहाने गवत किती वाळले ते पाहून विम्याची रक्कम ठरविण्याचा प्रयोग झाला. चालत्या कळपाला न्याय देता येत नाही, हे म्हणणे म्हणून खरे नव्हे. त्याला निराळी मोजपट्टी लागते, एवढेच.

आपल्याकडेही ही जाणीव हळूहळू येत आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने भटक्या पशुपालकांचे हंगामी चराईचे हक्क मान्य केले. २०१७ मध्ये राजे यशवंतराव होळकर महामेष योजना निघाली. २०१९ मध्ये पावसाळ्यातील चार महिन्यांसाठी दरमहा ६,००० असे एकूण २४,००० रुपये चराई अनुदान भटक्या जमाती-क प्रवर्गातील मेंढपाळ कुटुंबांसाठी जाहीर झाले. मेंढरू मेल्यानंतर नव्हे, तर ते जगावे म्हणून दिलेले हे साहाय्य आहे, म्हणून आम्ही त्यास विशेष महत्त्व देतो. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आरंभ झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत फिरत्या पशुपालकांची व त्यांच्या जनावरांची स्वतंत्र नोंद करण्याचे प्रथमच ठरले. पहिल्या गणनेनंतर शंभराहून अधिक वर्षांनी सरकारी दप्तराने चालत्या कळपाकडे मान वळविली.

परंतु याच वर्षी एक कडक नियमही आला. १ जून २०२४ पासून महाराष्ट्रात जनावरांच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा बिल्ला मारून त्याची नोंद करणे आवश्यक ठरले, आणि नैसर्गिक आपत्ती, वीज किंवा वन्य प्राणी यांमुळे बिल्ला नसलेले जनावर दगावल्यास भरपाई देय नाही, असे शासनाने सांगितले. ज्याची नोंद त्यास मदत, हे जे सूत्र आम्ही आरंभी मांडले, ते आता अक्षरशः मेंढराच्या कानापर्यंत येऊन पोचले आहे. हा नियम आपल्या वाड्यांना माहीत नसेल, तर पुढच्या आपत्तीत हाती काही येणार नाही. आणि माहीत असेल, तर दीडशे वर्षांचे उणेपण भरून काढण्याचे तेच साधन ठरेल.

म्हणून पुण्यातील सभासद कुटुंबांस आमची काही नम्र विनंती आहे. ज्यांचे भाऊबंद, मामा, चुलते अजून वाड्यावर आहेत, त्यांनी दिवाळीपूर्वी, म्हणजे कळप हालण्याच्या आधी, एकदा गावी जावे. प्रत्येक कुटुंबाच्या मेंढरांची यादी निराळी करावी. निम्म्या वाट्याने सांभाळावयास घेतलेली मेंढरे कोणाची, तेही लिहावे. पशुवैद्यकीय दवाखान्यातून बिल्ले मारून घ्यावेत आणि क्रमांकांची एक प्रत पुण्याच्या घरी ठेवावी. आधारपत्र, जातीचा दाखला व बँकेचे पुस्तक यांच्या प्रती वाड्याबरोबर द्याव्यात. आपत्ती आलीच तर मेंढरे पुरण्यापूर्वी बिल्ल्यांसह छायाचित्रे घ्यावीत आणि जेथे घटना घडली तेथल्याच तलाठ्यास व दवाखान्यास तत्काळ लेखी कळवावे. ही कामे मोठी नाहीत. चार इयत्ता शिकलेला मुलगाही ती करू शकेल. वाड्यावरच्या वडीलधाऱ्यांस रान, वारा आणि जनावर वाचता येते. कागद वाचण्याचे काम आपल्या पिढीचे आहे.

संस्थेनेही आपल्यापरीने दोन मागण्या सतत लावून धराव्यात, असे आम्हांस वाटते. पहिली, मेंढी-शेळीच्या भरपाईस बाजारभावाचा आधार असावा आणि कळपवाल्यांसाठी तीसची मर्यादा उठवावी. दुसरी, मेंढपाळ कोणत्याही तालुक्याचा असो, जेथे मेंढरे दगावली तेथील पंचनाम्यावर त्याला विनाविलंब रक्कम मिळावी.

सन १८७६ मध्ये याच पुण्यातील शिकलेल्या माणसांनी गावोगावच्या दुष्काळाची हकिकत लिहून काढली, म्हणून ती सरकारला वाचावी लागली. त्या वेळी आपल्या समाजात लिहिणारे हात थोडे होते. आज घरोघर आहेत. वकील, अभियंते, शिक्षक, कारकून, महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुली, सारे या स्मरणिकेच्या वाचकांत आहेत. त्यांनी दरवर्षी आपल्या एका वाड्याची नोंद लिहून ठेवली, तरी पुढील आपत्तीत कित्येक कुटुंबे पुन्हा उभी राहतील. या कार्यास सर्वांचे साहाय्य लाभो, अशी इच्छा व्यक्त करून हा लेख पुरा करितो.